मी न बांधलेली चिंधी

नांदेडला आमच्या गल्लीत एक नवी सून आली. तिला क्षय झाला होता आणि त्याच्या गोळ्या ती ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवून ठेवायची, सासूला कळू नये म्हणून. सकाळी पीठ काढायला डब्यात हात घातला की तोंड भिंतीकडे करून गोळी गिळायची. मला हे कळलं तेव्हा मी तिला चांगलंच झापलं. उमरीला चोवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, त्यामुळे झापायची सवय अजून गेलेली नाही. पोरगी रडली आणि म्हणाली, "बाई, लपवायला का लागतं ते तुम्हाला काय माहीत?"

मला माहीत आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मी सोळा-सतरा वर्षांची असताना मला नारू झाला होता. आता नारू राहिला नाही. नव्या डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात पाहिलेला असतो, आणि तेच बरं आहे. थोडक्यात सांगते. वाईट पाण्यातून किडा पोटात जातो, वर्षभर अंगात वाढतो, आणि मग बहुतेक करून पायाला फोड येऊन तिथून दोऱ्यासारखा बाहेर निघायला लागतो. त्याला ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळत रोज बोटभर काढायचा, कधी तेवढाही नाही. मधेच तुटला तर पायाचं काही खरं नाही. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

मी तो सव्वीस दिवस लपवला. आणि त्या सव्वीस दिवसांत रोज दोन वेळा मी गावाच्या पिण्याच्या पाण्यात उतरत होते.

*

आमचं गाव मुरुडच्या पलीकडं. लातूर जिल्हा झाला तेव्हा मुरुडच्या बाजारात पेढे वाटले होते. कचेरीच्या कामाला आता उस्मानाबादचे हेलपाटे नकोत म्हणून माणसं खूश होती. जिल्हा झाला, पाऊस मात्र झाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतला आड तळाला गेला आणि गावाला पाणी उरलं ते एका बारवेत.

आमची वस्ती बौद्धांची. बारवेच्या पायऱ्या आम्ही उतरायला लागलो त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. त्याआधी माझी माय घागर घेऊन वर काठावर बसायची. कुणाला दया आली तर तो उंचावरून, घागरीला घागर लागू न देता पाणी ओतायचा. अर्धं पाणी तिच्या पदरावर पडायचं. पहिल्या दिवशी जे सात जण पायऱ्या उतरले, त्यांत माझे वडील होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. त्या दिवशी लागलेल्या दगडाची खूण त्यांच्या भुवईवर शेवटपर्यंत होती.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला सरकारी खात्याचा माणूस शाळेत आला. गावानं त्याचं नाव नारूवाला ठेवलं. त्यानं बारवेचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उन्हात धरलं आणि त्यात उड्या मारणारे बारीक ठिपके आम्हाला दाखवले. दोनच गोष्टी सांगितल्या. पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या, आणि ज्याच्या पायाला नारू आहे त्यानं पाण्यात पाय घालू नये. त्याच्या पायातून नारूची पिल्लं पाण्यात सुटतात आणि वर्षानं ती दुसऱ्याच्या पायातून निघतात.

गावानं ऐकलं, पण गावाच्या पद्धतीनं. गाळायचं फडकं फारसं कुणी घेतलं नाही, चिंधी मात्र आठ दिवसांत आली. सरपंचांनी मुरुडहून तांबड्या कापडाचा तागा आणवला. ज्याला नारू, त्याच्या घोट्यावर चिंधी. चिंधीवाल्यानं बारवेच्या वर काठावर बसायचं आणि खालून दुसऱ्यानं पाणी भरून दिलं तर घ्यायचं. नियम तसा वाईट नव्हता, हे मी आज म्हणते. पण द्यायला कुणाला सवड नव्हती. चिंधीवाल्या बाया उन्हात दुपारपर्यंत बसायच्या. पोरं लांबून "चिंधी, चिंधी" ओरडायची. एका मुलीचं ठरलेलं लग्न पाहुण्यांनी नुसती चिंधी बघून मोडलं.

पहिली चिंधी बांधली गेली हलीमाखालाच्या पायात. ती गाद्या भरणाऱ्याची विधवा, घरात ती आणि सात वर्षांची नूरी. खालानं स्वतः पाय पुढं केला होता. "बांध बाबा, गावाचं भलं होतंय तर बांध," म्हणाली. मी तिथंच उभी होते.

*

फोड आला त्या दिवशी सकाळपासून अंगाला खाज सुटली होती, दोनदा उलटी झाली. घोट्याच्या वर आतल्या बाजूला निखारा ठेवल्यासारखं होत होतं. परकर वर करून बघितलं तर बोराएवढा फोड. मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी चुलीपाशी बसले आणि मायला म्हटलं, "माय, मला आलाय."

मायनं हातातली भाकरी तव्यात टाकली आणि दार लोटून घेतलं. आजारापेक्षा दार लोटण्याची घाई आधी झाली, हे मला आज प्रकर्षानं आठवतं.

आण्णा आले. त्यांनी पाय बघितला, परकर खाली सारला. मग म्हणाले, "चिंधी बांधायची न्हाई."

माय म्हणाली, "आवो, पर नियम हाय गावचा."

"गावचा हाय. वस्तीत एकाच्या जरी पायात चिंधी दिसली की उद्या म्हणतेत, बघा, हे पाण्यात उतरले आन् नारू आला. मंग पाणी बंद. मंग तू पुन्हा वर बसतीस का घागर घेऊन? ही बसती का?"

"नारू तर त्यांच्यात पहिल्यापून हाय की."

"हाय. कोण इचारतंय त्येला?"

मग ते माझ्याकडं वळले. "झाकून ठेव सुमन. साडी नेस पायघोळ. काडीला गुंडाळून निघंल हळूहळू. तवर कुणाला सांगायचं न्हाई."

माय हळूच म्हणाली, "मंग पाण्याला तरी नको जाऊ दे तिला."

पण माय आणि आण्णा दोघंही रोजगार हमीच्या खडीवर जात होते, सूर्य उगवायच्या आत. पाण्याला जाणारं घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आणि मी एकदम जायची थांबले असते तर चार बायांनी विचारलंच असतं, सुमी का येत नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो आमच्या घरात असा आला.

आण्णांना चूक म्हणताना माझी जीभ अजून अडखळते. ज्या माणसाच्या आईला, बायकोला गावानं काठावर बसवलं, त्याला त्याच काठावर पोरीला बसवणं कसं जमणार? चिंधीला ते चारचौघांतही नावं ठेवायचे; त्यांना तिच्यात औषध दिसलंच नाही. त्यांना जुनंच काहीतरी दिसलं, फक्त रंग नवा. आजवर आपल्या गळ्यात, कमरेला, पायात जे जे बांधलं गेलं ते सोडायला किती पिढ्या लागल्या हे त्यांना पाठ होतं.

*

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा साडी नेसून पाण्याला गेले. बाया म्हणाल्या, "सुमी मोठी झाली गं." मी हसले.

पायाला पट्टी बांधून वर साडी सोडलेली. चालताना प्रत्येक पावलाला आग डोक्यात जायची. लंगडायचं नाही एवढंच मनात. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलेलं, त्यामुळे शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभं राहिल्याशिवाय घागर बुडत नव्हती.

इथं मला एक गोष्ट लिहायची आहे जी मी चाळीस वर्षं कुणाला सांगितली नाही.

पाण्यात पाय गेला की आग थांबायची. पूर्ण थांबायची. सबंध दिवसात तेवढाच काय तो आराम. घागर भरली तरी मी वर यायची नाही. घागर विसळल्यासारखं करायची, पदर पिळायची, उगाच कुणाशी बोलायची. लोक म्हणतील, गरीब पोर, घरात पाणी लागत होतं, काय करणार. पाणी लागत होतं हे खरं. पण घागर भरल्यानंतरची मिनिटं माझी होती. गार वाटत होतं म्हणून मी उभी राहत होते.

आणि मला माहीत होतं. तो ग्लास मी पाहिला होता. एकदा पट्टी सुटली तेव्हा माझ्या पायाजवळ पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसं पांढुरकं पसरलेलं मी डोळ्यांनी बघितलं आणि हातानं पाणी हलवून टाकलं.

हलीमाखाला वर बसलेली असायची. तिची घागर मीच भरून द्यायचे. दुसऱ्या बाया टाळायच्या, मी टाळायची नाही. "अल्ला तेरा भला करे बेटी," ती म्हणायची. त्या शब्दानं मला दुपारपर्यंत जेवण जायचं नाही. नूरी माझ्याबरोबर खाली उतरायची, कारण आईला उतरायची बंदी. माझ्या शेजारी वाकून ओंजळीनं घटाघटा पाणी प्यायची. मी एकदा म्हटलं, "असं पिऊ नाई गं, घरी जाऊन गाळून पी."

"कामून?" ती म्हणाली.

कामून ते मी सांगितलं नाही.

*

सव्विसाव्या दिवशी पायऱ्या चढताना साडीचा काठ काडीत अडकला आणि नारू आतल्या आत तुटला. रात्रीपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला. तापानं मी बरळायला लागले. सकाळी आण्णांनी बैलगाडी मागून आणली, मुरुडपर्यंत गाडीनं आणि तिथून एस.टी.नं लातूर. एस.टी.त मायनं माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला होता आणि वर टॉवेल टाकला होता. कुणी विचारलं तर आण्णा म्हणायचे, "काटा गेला बाभळीचा."

सरकारी दवाखान्यात बायांच्या वॉर्डात खाट मिळाली. बाहेर फाटकावर नवा बोर्ड रंगवलेला, जिल्हा हा शब्द सगळ्यात मोठा. केरळकडची एक सिस्टर होती. तिनं पट्टी सोडली, वास घेतला आणि सबंध वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ये तो नारू है. कितने दिन?"

वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. मी म्हटलं, "काटा गेला."

सिस्टर हसली नाही, रागावलीही नाही. "अच्छा. काटा," म्हणाली आणि पाणी गरम करायला गेली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाय चिरला, घाण काढली. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "फोड फुटल्यावर पाण्यात उतरली होतीस? विहीर, बारव, कुठं?"

मी आण्णांकडं पाहिलं. आण्णा खिडकीकडं बघत होते. "न्हाई साहेब," ते म्हणाले. "घरीच होती." डॉक्टरांनी तसं लिहिलं. आम्ही दोघांनी मिळून एक खोटं सरकारी कागदावर चढवलं. डॉक्टरांना खरं कळलं असतं तर त्यांनी त्याच आठवड्यात बारवेत औषध टाकायला माणूस धाडला असता, हे मला पुढं कळलं.

दवाखान्यात दिवस एकाच गोष्टीभोवती फिरायचा, सकाळची मलमपट्टी. चाकांच्या टेबलाचा खडखडाट वॉर्डाच्या टोकाला सुरू झाला की मी खाटा मोजायला लागायची. माझी खाट सातवी. सहा जणींचं ओरडणं ऐकून मग माझी पाळी. जखमेत कापडाची वात घालून ती दुसऱ्या दिवशी ओढून काढायचे. मी तोंडात पदर धरायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. त्यानंतर दूध, डबलरोटी, आणि दुपारभर छताकडं बघणं. लातुरातही पाणी टँकरनं यायचं, त्यामुळे अंघोळ आठवड्याला एकदा.

मला एकच भीती होती, पाय कापतील. मी रोज सिस्टरला विचारायची. ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणायची, "कापत नाय. रोज विचारेल तर कापेल." एकदा दुपारी तिनं स्वतःच्या वाट्याचं बादलीभर पाणी आणलं, मला खाटेच्या कडेला आडवं केलं आणि माझे केस धुतले. महिनाभराचा घाम, धूळ, ताप. त्या वेळी मला खरं सांगून टाकावंसं वाटलं होतं. नाही सांगितलं.

शेजारच्या खाटेवर निलंग्याकडची एक म्हातारी होती, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायची. ती तिच्या लेकीनं आणलेल्या धपाट्यांतलं अर्धं मला द्यायची आणि मायला सांगायची, "पोरगी खात न्हाई, पोरगी इचार करती."

माय आण्णांशी बोलेनाशी झाली होती. ते शनिवारी खडीवरून सुट्टी काढून यायचे, भुईमुगाच्या शेंगा आणायचे, ती त्यांच्याकडं पाठ करून बसायची. एकदा म्हणाली, "पोरीचा पाय घालवला तुमच्या मानापायी." आण्णा शेंगा फोडत राहिले. फोडलेले दाणे माझ्या उशाशी ठेवून निघून गेले. त्यांच्या संसारात मी पहिल्यांदा असं पाहिलं.

पाय राहिला. घोटा थोडा आखडला, पण मी चालते.

*

घरी आल्यावर खरा आजार सुरू झाला. नारूला वर्ष लागतं. पाऊस पडला, बारव भरली, लोक नारू विसरले. मी महिने मोजत होते. कुणी पाय खाजवला की माझं हातातलं काम थांबायचं. नूरी उड्या मारत शाळेला जायची आणि मी तिच्या पायांकडं बघत राहायची. कधी वाटायचं, काहीच होणार नाही. कधी वाटायचं, आत्ताच जाऊन सांगावं. पण सांगून आता काय उपयोग, जे गेलं ते पोटात गेलं, असं म्हणून मी गप्प बसायची. गप्प बसायला कारण शोधावं लागत नाही, ते आपोआप सापडतं.

उन्हाळा आला आणि गल्लोगल्ली फोड आले. सरपंचांच्या घरात तिघांना, वाण्याकडं, कुंभाराकडं, आमच्या वस्तीत कितीतरी. आण्णांच्या पायाला दोन. नूरीच्या गुडघ्यात आला. गुडघ्यातला नारू वाईट, तो बाहेर यायला वाट सापडत नाही आणि सांधाच धरतो.

सगळं माझ्यामुळं झालं असं नाही. पुढं एका डॉक्टरांना मी आडून विचारलं, ते म्हणाले, कुणाचा नारू कुणाच्या पोटात गेला हे सांगता येत नाही. लपवणाऱ्या आणखीही होत्या, चांगल्या मोठ्या घरांतल्या, हे त्या उन्हाळ्यात बाहेर आलं. पण नूरी ओंजळीनं पाणी पीत होती ती माझ्या शेजारी. तिथं मला दुसऱ्या कुणाचं नाव घेता येत नाही.

तागा संपला. लोक जुन्या धोतराच्या, लुगड्याच्या चिंध्या बांधायला लागले. त्याच दिवसांत एका सकाळी आण्णांनी मायला तिचं तांबडं लुगडं मागितलं. तिनं पेटीतून काढून दिलं. त्यांनी पट्टी फाडली, घोट्यावर बांधली, आणि काठीचा आधार घेत सगळ्यांच्या देखत जाऊन बारवेच्या काठावर बसले. मी घागर घेऊन मागं होते.

काठावर सरपंचांची म्हातारी आई बसलेली. तिच्याही पायात चिंधी. खाली उतरणाऱ्या एकानं आण्णांना टोमणा मारला, "काय हो, तुम्हाला तर चिंधीचा लई राग. आता कशी बांधलात?"

आण्णा म्हणाले, "मागल्या साली बांधाय पाहिजे होती. माझ्या पोरीला आला होता, मीच झाक म्हणलो. झाकून पाण्यात जात होती. चूक माझी हाय, पोरीची न्हाई. काय करायचं ते माझं करा. वस्तीचं पाणी तोडू नका."

बारवेवर सगळं थांबलं. मी घागर घट्ट धरली होती. मला वाटलं, आता पहिला दगड येतो. आपलं पाणी गेलं, मायचं बसणं परत सुरू झालं, आणि हे सगळं माझ्या पायानं झालं.

सरपंचांची आई बोलली. तोंडाची फटकळ होती. "पाणी कुणाचं तोडायचं? माझ्या नातवाचाबी लपवलाच की सुनेनं, सोयरीक मोडंल म्हणून. त्यो बी उतरत होता. हितं कुणाच्या घरात चिंधी न्हाई ते सांगा आधी." मग ती खाली बघून ओरडली, "ए, कोण हाय खाली? दोन घागरी भरा. ह्याची एक, माझी एक."

मीच खाली गेले, पण पाण्यात पाय न घालता वरच्या पायरीवर थांबले. सरपंचांच्या घरातल्याच एकानं दोन्ही घागरी एकाच बादलीनं भरून माझ्या हातात दिल्या. आण्णांनी त्यांची घागर घेऊन मांडीवर ठेवली. घरी आल्यावर ते रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर चिंधीचा नियम गावानंच बदलला. ज्याच्या पायात चिंधी, त्याची घागर सगळ्यांत आधी भरायची, मग बाकीच्यांनी. एखादा चिंधीवाला दिसला नाही तर लोक घरी जाऊन विचारायचे, आज किती निघाला म्हणून. नारू पूर्ण निघाला की माणूस चिंधी सोडून बारवेच्या लोखंडी कठड्याला बांधायचा, सुटलो म्हणून. पोरं ओरडायची थांबली. त्यांच्याही पायात चिंध्या होत्या.

पण आण्णांच्या त्या वाक्यानं एक झालं. चूक माझी, पोरीची नाही. गावानं ते मान्य केलं आणि मला मोकळं केलं. मी मोकळी नव्हते. पाण्याला जा असं आण्णांनी सांगितलं होतं, घागर भरल्यावर उभी राहा असं नाही.

नूरीचा नारू मीच काढला. रोज सकाळी शाळेआधी तिच्या घरी जायची, गुडघ्याला कडुनिंबाचं पाणी, मग काडीचा एक फेरा. ती किंचाळायची, खाला तिचे खांदे धरायची. खालाचं मन माझ्यासाठी आणखी हळवं झालं होतं. सव्वादोन महिने लागले. नारू अख्खा निघाला, गुडघा मात्र सरळ राहिला तो कायमचा. त्यानंतर नूरी कधी मांडी घालून बसली नाही.

*

पुढं हापसे आले, बारवेवर जाळी बसली, औषध पडलं. काही वर्षांत नारू गेला. मी डी.एड. केलं, उमरीला नोकरी लागली. आण्णा, माय, हलीमाखाला, तिघंही एकामागून एक गेले.

कठड्यावरच्या चिंध्या मात्र राहिल्या. कुणी काढल्या नाहीत. मग कुणीतरी, कोण ते माहीत नाही, पोराचा ताप उतरावा म्हणून नवी चिंधी बांधली. ताप उतरला असणार, तो उतरतोच. आता तिथं चिंधीआई आहे. शेंदूर लावलेला एक दगड आहे, मंगळवारी बाया येतात, नारळ फुटतो, तांबड्या चिंध्यांनी जाळी दिसेनाशी झालीय. माहूरला जाणारे काही जण वाट वाकडी करून इथं थांबतात म्हणे. मी बौद्धाची पोर, मला दगडाला हात जोडता येत नाहीत, आणि पहिल्यांदा बघितलं तेव्हा रागच आला. जिच्या भीतीनं मी पाय झाकला, तिच्या पुढं लोक लेकरांसाठी पदर पसरतात. तिथल्या एका पोरीला मी विचारलं, ही चिंधी कशाची? ती म्हणाली, "आईच्या लुगड्याची." वाद घालण्यात अर्थ नव्हता.

दोन वर्षांपूर्वी भावकीतल्या लग्नाला गेले तेव्हा नूरीला घेऊन तिथं गेले. नूरी गावातच शिलाई करते, हातानं फिरवायच्या मशीनवर, कारण पायमशीन तिला जमत नाही. ती दगडी कट्ट्यावर पाय लांब करून बसली. मंगळवार नव्हता, त्यामुळे कुणी नव्हतं. मी तिला सांगितलं. लपवलं होतं हे तिला माहीतच होतं, साऱ्या गावाला माहीत होतं. मी उरलेलं सांगितलं. घागर भरल्यावर उभी राहायची ते. गार वाटायचं ते. पांढरं पसरलेलं हातानं हलवून टाकलं ते. आणि तू शेजारी ओंजळीनं पीत होतीस ते.

तिनं लांब केलेला गुडघा दोन्ही हातांनी चोळला. मग म्हणाली, "अम्मीला ठाऊक होतं, ताई."

"काय?"

"सगळं. वर बसून बसून तिला खालचं सगळं दिसायचं. तुमची पट्टी सुटली ते, तुम्ही थांबून राहायच्या ते. मरायच्या आधी बोलली मला."

"मग तेव्हा कुणाला का नाही बोलली?"

"म्हणायची, मी तोंड उघडलं तर त्या लोकांचं पाणी बंद होईल. एकटी तीच पोरगी मला पाणी देती, तिचं पाणी मी कसं तोडू?"

मी म्हटलं, "खालाचं मन लई मोठं होतं गं."

"हाव," नूरी म्हणाली. "मलाबी लई वर्षं तसंच वाटायचं. अम्मी किती चांगली, ताई किती चांगल्या, रोज येऊन माझा नारू काढायच्या." तिनं गुडघ्यावरची साडी सारखी केली. "आता न्हाई वाटत. तुम्ही दोघी एकमेकींचं झाकत बसलात. मधी पाणी मी पीत होते."

ती रागानं बोलली नाही. कापड मापात बसत नाही हे गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात बोलली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ते घेऊन मी काय करू?"

मग तिनं हात पुढं केला, कारण कट्ट्यावरून तिला एकटीला उठता येत नाही.